आपलं शेंदाड कुठं गेलं?



आज जरा लांबड लावणार आहे. फवारणीचं, खताचं यात काही नाही. ज्याला घाई आहे त्यानं सरळ खाली जावं, बी धरायची पद्धत शेवटाकडं लिहिली आहे.

झालं असं की गेल्या उन्हाळ्यात भाच्यानं पुण्याहून एक पाकीट आणलं. आत मोजून वीस बिया. वरच्या चित्रात द्राक्षापेक्षा जरा मोठं फळ, अंगावर कलिंगडासारखे हिरवे पट्टे. "मामा, ही मेक्सिकोची काकडी. एवढीशीच राहते. शहरात लोक गच्चीत लावतात." किंमत विचारली तर अर्ध्या दिवसाच्या खुरपणीची मजुरी निघाली. वीस बियांना! पण पोरानं हौसेनं आणलं होतं, म्हणून मृगाचा पाऊस झाल्यावर परसात लावलं. अठरा-वीस दिवस काहीच नाही. मग एकेक करत सात वेल वर आले. दोऱ्यासारखे बारीक, पण चढायला चिवट. न्हाणीच्या कुडावर चढून गेले आणि श्रावण सरता सरता फळं लागली.

आईनं एक तोंडात टाकलं. तिची नजर आता कमी झालीय, पण जीभ शाबूत आहे. चावून झाल्यावर म्हणाली, "काकडीवाणी लागतंय, वरून आंबट. कच्च्या-पक्क्या शेंदाडासारखं." आणि मग विचारलं, "आपलं शेंदाड कुठं गेलं रे? किती वर्षांत घरात आलं नाही."

मला उत्तर देता आलं नाही. बाजरीत पायाखाली यायची ती शेंदाडं आपण शेवटची कधी खाल्ली, हेही आठवेना. तेव्हापासून जमेल तसं वाचत, विचारत गेलो. ते इथं मांडतो.

आधी त्या पाकिटातल्या काकडीचं. तिचं शास्त्रीय नाव मेलोथ्रिया स्कॅब्रा. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तिकडच्या भाषेत कलिंगडाला सांडिया म्हणतात आणि हिला सांडिता, म्हणजे छोटं कलिंगड. नाव काकडीचं, रूप कलिंगडाचं, पण वंश दोघांपेक्षा वेगळा. त्यामुळं एक धास्ती आधीच काढून टाकतो: हिचा आपल्या काकडीशी, शेंदाडाशी संकर होत नाही. शेजारी लावली तरी चालते. तोडायची ती बोटाच्या पेराएवढी, दाबून घट्ट लागते तोवरच. मऊ पडली की आत नुसत्या बिया.

या वेलाला हे शास्त्रीय नाव १८६६ साली शार्ल नोदँ नावाच्या फ्रेंच माणसानं दिलं. हा माणूस मला फार आवडला. कानानं पूर्ण बहिरा झाला, शिकवायची नोकरी सोडावी लागली, आणि मग पॅरिसच्या सरकारी वनस्पती बागेत वेलवर्गाच्या मागं लागला. जगभरातून खरबुजाच्या जातीची बिया मागवायची, लावायची, एकमेकींशी संकर करून बघायचा. १८५९ साली त्यानं यावर मोठा प्रबंध लिहिला आणि जगातली सगळी खरबुजं दहा गटांत लावून दाखवली. त्याचं म्हणणं असं, की दिसायला कितीही वेगळी असली तरी ही सगळी एकच जात, कारण एकमेकींत संकर होतो आणि पुढं बी धरतं. डार्विननं १८६८ च्या आपल्या पुस्तकात नोदँचाच दाखला दिला आहे. एक खरबूज आलुबुखाराएवढं, दुसरं ६६ पौंडाचं म्हणजे ३० किलोचं. एक कधी गजाहूनही लांब आणि सापासारखं वळलेलं, तर एक पिकलं की आपोआप तडकून तुकडे होणारं.

ते तडकणारं वाचलं आणि मी हसलो. आपल्याकडं ज्याला फूट म्हणतात ते याच चालीचं. आणि आलुबुखाराएवढ्या फळांच्या रांगेत आपलं शेंदाड बसतं.

(जाता जाता. ज्या १८६६ साली नोदँनं या मेक्सिकन वेलाला नाव दिलं, त्याच साली मेंडेलचा वाटाण्यावरचा लेख छापून आला. संकराच्या दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण वेगवेगळे होऊन परत निघतात, हे नोदँलाही दिसलं होतं. पण त्यानं मोजदाद मांडली नाही. मेंडेलनं मोजलं. शेतात वही ठेवत जा म्हणतो ते यासाठी.)

आता काकडी आणि शेंदाड यांतला फरक. दोघं एकाच वंशातले, कुकुमिसचे. पण काकडीच्या पेशीत गुणसूत्रं १४, खरबुजाच्या जातीत २४. शेंदाड २४ वालं. म्हणजे दिसायला बुटकी काकडी असली तरी शेंदाड हे खरबुजाचं, चिबडाचं भावंड आहे. काकडीशी त्याचं जमत नाही, चिबडाशी आणि खरबुजाशी लगेच जमतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, बी धरताना कामाची आहे.

आणि हे भावंड इथलंच आहे. २०१० साली जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी मिळून डीएनए तपासून दाखवलं, की काकडी आणि खरबूज या दोन्हींची मुळं आशियात आहेत. त्याआधी खरबूज आफ्रिकेतलं असं पुस्तकांत ठोकून लिहिलेलं असायचं. २०१८ साली आणखी बारीक तपासणी झाली तेव्हा दिसलं, की रानखरबूज माणसाळवायचं काम एकदा नाही, निदान दोनदा झालंय. एकदा आफ्रिकेत, एकदा आशियात. म्हणजे जे फळ खरबुजाचं आजोबापण मिरवू शकतं, ते आपण तण म्हणून उपटतोय.

जुन्या शब्दांतही याच्या खुणा आहेत. चिबूड हा शब्द संस्कृत चिर्भटापासून आला. आणि उर्वारुक तर सगळ्यांनी ऐकलंय, महामृत्युंजय मंत्रात येतं ते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला तो मंत्र. पिकलेलं उर्वारुक जसं देठापासून सुटतं तसं मला मरणापासून सोडव, अशी त्यातली मागणी. बहुतेक ठिकाणी अर्थ देताना काकडी असं लिहितात. माझं शेतकरी म्हणून म्हणणं वेगळं आहे. काकडी कधी वेलावरून आपण होऊन सुटलेली बघितलीय का? पिवळी पडेल, तांबूस होईल, जाड होईल, वेल वाळून जाईल, तरी देठाला धरून बसेल. बियाण्याची काकडी आपण विळ्यानंच काढतो. आपण होऊन सुटतं ते खरबूज, चिबूड आणि शेंदाड. पिकायला लागलं की देठाच्या बुडाशी बारीक चीर पडते, तिथल्या पेशी एकमेकींना सोडतात, आणि सकाळी बघावं तर फळ वेलाशेजारी जमिनीवर. वर वास घमघमतो. मंत्र रचणाऱ्यानं हे रानात बघितलेलं होतं यात मला शंका नाही. तो काकडीचा मळेकरी नव्हता, शेंदाडवाला होता.

आमची आजी शेंदाड तोडू द्यायची नाही ते याचसाठी. "हात लाव, सुटलं तर तुझं, नाही सुटलं तर उद्याचं." ओढून काढलेलं शेंदाड कडू निघायचं. त्याचं कारण आता कळतं: कच्च्या फळात कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. पिकत जाईल तसा कडवटपणा उतरतो आणि आंबट-गोड चव चढते. रानातल्या जनावरांनी बी तयार व्हायच्या आधी फळ खाऊ नये, म्हणून वेलानं केलेली ही सोय.

कडूवरून कारीट आठवलं. कोकणात, गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतात. तो नरकासुर. फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा. आमच्या घरात ही चाल नव्हती, पण कारिटाचे वेल बांधावर असायचे. अंड्याएवढी फळं, हिरव्यावर पांढरट रेघा. पाकिटातली मेक्सिकन काकडी बघून आमच्या एका पाहुण्यानं विचारलंच, "परसात कारीट कशाला लावलंय?"

या फळांची नीट नोंद विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश डॉक्टरनं केली. १७९३ पासून तो कलकत्त्याच्या कंपनी बागेचा प्रमुख होता. १८१५ साली वारला. त्याच्या फ्लोरा इंडिकाचा जो भाग १८३२ साली छापला गेला, त्यात फूट, तार काकडी, कारीट यांना त्यानं वेगवेगळ्या जाती म्हणून नावं दिली. मग नोदँ आला आणि म्हणाला, असली सगळी एकच. तो वाद वनस्पतीशास्त्रज्ञांत आजही पुरता मिटलेला नाही. कारिटाला कोणी खरबुजाचं रानटी रूप म्हणतं, कोणी स्वतंत्र जात. मला विचाराल तर खुरपणाऱ्या बायांनी तो कधीच मिटवला होता. चार पानांवर वेल असताना त्या बोट ठेवून सांगायच्या, हे कारीट, हे शेंदाड. कारीट उपटायचं, शेंदाड ठेवायचं.

ती रीत ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

चौसाळ्याचा हा पट्टा बालाघाटाच्या माथ्यावरचा. हलकं-मध्यम रान, खाली मुरूम, पावसाचा भरवसा नाही. खरिपाला बाजरी हे मुख्य पीक. तिच्यात तुरीचं पाटं, मूग, मटकी, कडेनं अंबाडी. आणि शेंदाड, जे कोणी पेरायचं नाही. मागच्या वर्षी रानात फुटून पडलेल्या फळांचं बी मातीत असायचं, शेरडं फळं खायची आणि लेंड्यांतून बी पसरायचं, शेणखताबरोबर यायचं. पेरणीनंतर बाजरीबरोबर उगवायचं. पहिलं कोळपं फिरेपर्यंत वेल लहान, त्यामुळं ओळीतले वाचायचे. बाजरी उंच, हिचा पसारा जमिनीलगत, त्यामुळं भांडण नाही. उलट उघडी जमीन झाकली जायची. भादव्यात फळं धरायची आणि बाजरीच्या काढणीला, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे, रान वासानं भरून जायचं. काढणीच्या बाया दुपारी भाकरीबरोबर शेंदाडच खायच्या. मीठ-मिरची पुडीत असायचीच.

घरी आणलेल्या कच्च्या फळांचे काप करून, मीठ लावून, पत्र्यावर वाळवायचे. त्याला आमच्याकडं उसऱ्या म्हणतात. गाडग्यात भरून ठेवलं की उन्हाळ्यापर्यंत टिकायचं. आमच्या जिल्ह्यातली किती माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ते सांगायला नको. आमच्या भावकीतल्या दोन बिऱ्हाडांच्या गाडीत पीठ, मिरचीकूट आणि उसऱ्यांचं गाठोडं असायचंच. फडावर भाजी कुठली? मूठभर उसऱ्या भिजत घालायच्या आणि तिखटात परतायच्या. आई ७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगते. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीबरोबर आदल्या वर्षाच्या उसऱ्या त्यांनी चिमटी-चिमटीनं पुरवल्या. त्या खरिपात बाजरीच नव्हती तर शेंदाड कुठलं? पण ओढ्याच्या कडेला वेल होते म्हणते, आणि पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर रानात परत उगवले. बी मातीत दम धरून होतं.

म्हणजे ७२ नं शेंदाड मारलं नाही. मग कशानं मेलं?

आमच्या रानापुरतं सांगतो. बाजरी गेली, त्यानं. १९९० नंतर हळूहळू कापूस, मग सोयाबीन. सोयाबीननं चार पैसे दिले, हे खोटं कसं म्हणू? मीही तेच घेतो. पण सोयाबीन दाट असतं, दीड महिन्यात रान झाकून टाकतं. खाली वेलाला ऊन नाही. पुढं खुरपणीला माणूस मिळेना, मग तणनाशक आलं. उगवणीनंतर मारायचं इमॅझेथापायर रुंद पानाच्या तणावर चालतं, आणि फवारणीच्या नळीला बायांसारखं शेंदाड ओळखता येत नाही. जे बांधावर होतं ते बांध कोरण्यात गेलं. आधी दोन हात रुंद बांध होते, आता पाऊल मावत नाही. धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला तेव्हा रस्त्याकडची पड रानंही गेली. यातलं कुठलंच काम कोणी शेंदाडाच्या वाईटावर केलेलं नाही. पण दहा-पंधरा वर्षं सलग बी पडलं नाही, की मातीतली शिल्लक संपते. बँकेत भरणा नसला आणि काढणं चालू असलं की खातं जसं रिकामं होतं, तसं.

"शेंदाड शिपाई" म्हणतो आपण भित्र्या माणसाला. बहुतेक पिकलेलं शेंदाड बोटानं दाबलं की फुटतं म्हणून. पण या मऊ फळानं सातासमुद्रापार काय केलं ते ऐका, कृषीवाल्या मित्रांना हे आवडेल.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला इम्पिरियल व्हॅली आहे. वाळवंट, त्यात कालव्याचं पाणी. खरबुजाचा मोठा मुलूख. १९२५ च्या सुमारास तिथं भुरी अशी पडली की बागा बसल्या. गंधक मारावं तर खरबुजाची पानं जळतात. तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याचे आयव्हन जॅगर आणि त्यांचे सहकारी भुरीला दाद न देणारं खरबूज शोधायला लागले. ते मिळालं भारतातून गेलेल्या बियांत. खायला बेचव, पण भुरी त्यावर चढेना. तिकडच्या गोड वाणाशी संकर, परत त्याच गोड वाणाशी संकर, असं करत १९३६ साली पीएमआर ४५ हा वाण बाहेर आला. नावातलं पीएमआर म्हणजेच भुरीला प्रतिकारक. दोनच वर्षांत, १९३८ ला, भुरीची दुसरी जात निघाली आणि पीएमआर ४५ वर चढली. शास्त्रज्ञ परत बियांच्या पेटाऱ्याकडं.

त्यांच्या पेटाऱ्यात आजही भारतातून गेलेल्या खरबुजवर्गीय बियांची रांग आहे. पी.आय. १२४१११, पी.आय. १२४११२, पी.आय. ४१४७२३ असे नुसते नंबर. यातल्या १२४१११ मध्ये केवड्याला प्रतिकार सापडला. ४१४७२३ हे फुटीच्या प्रकारातलं, त्यात भुरी, मावा आणि झुकिनी यलो मोझॅक विषाणू अशा तिन्हींविरुद्धचे गुण. जगातले कितीतरी खरबूज-पैदासकार यांच्यावर काम करत आले. ज्या शेतकऱ्याच्या रानातून ती मूठभर बी उचलली, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसणार. आपण भुरी प्रतिकारक म्हणून महागाचं संकरित खरबुजाचं पाकीट घेतो, तेव्हा त्यात असल्याच एखाद्या रानफळाचं रक्त असू शकतं.

छोट्या काकडीचा पैसा आपल्याकडं झालाच नाही असं मात्र नाही. कर्नाटकात १९९० च्या सुरुवातीला घेरकिन आली. ही काही नवी जात नव्हे, लोणच्याची काकडी, बोटाएवढी असतानाच तोडायची. जितकी बारीक तितका दर जास्त. त्यामुळं तोडणी रोज, एक दिवस चुकला की काकडी वरच्या मापात जाते आणि दर पडतो. करारावर शेती, कंपनी बी देते आणि माल उचलते. तिथून ती तामिळनाडू, आंध्र, तेलंगणात पसरली. अपेडाच्या आकड्यांत २०२०-२१ साली देशातून २,२३,५१५ टन काकडी आणि घेरकिन निर्यात झाली, किंमत सुमारे २२ कोटी ३० लाख डॉलर. भारत यात जगात पहिला. मजेची गोष्ट अशी, की ही खारवलेली काकडी आपण स्वतः खात नाही. सगळी परदेशी ताटात. आमच्या पट्ट्यात रोजच्या तोडणीला लागणारी माणसं दसऱ्यानंतर फडावर असतात, त्यामुळं हा मार्ग आम्हाला कितपत जमेल याबद्दल मला शंका आहे.

मला जास्त लागलं ते राजस्थानचं. शेंदाडाची सख्खी बहीण तिकडं काचरी. आपल्यासारखीच बाजरीत आपोआप येणारी. तिकडं ती वाळवून, पूड करून बाजारात विकतात. मटण लवकर शिजावं म्हणून लावतात, भाजीला आंबटपणा म्हणून घालतात. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेनं गावोगावची काचरी गोळा केली, निवड केली आणि एएचके ११९ व एएचके २०० असे दोन वाण दिले. ११९ चं फळ ५०-६० ग्रॅमचं. फुटीचेही दोन वाण काढले, एएचएस १० आणि एएचएस ८२. म्हणजे रानातलं तण त्यांनी उचललं आणि पीक केलं. आपल्याकडं शेंदाडाला अजून तण म्हणायलाही कोणी उरलं नाही, कारण ते दिसतच नाही.

तर, बी. आईच्या प्रश्नानंतर मी तीन-चार महिने विचारत फिरलो. बाजारात माळव्याला बसणाऱ्या बायांना विचारलं, मांजरसुंब्याकडच्या सोयऱ्यांना फोन केला. चिबूड बऱ्याच जणांकडं निघालं, शेंदाड कोणाकडं नाही. शेवटी आमच्याच शिवारातल्या एका वस्तीवर, जिथं मी वर्षातून दहा वेळा जातो, एका आजीनं फडताळातून गाडगं काढलं. तळाशी राखेत मिसळलेलं बी. त्यांचा मुलगा आणि सून फडावर असतात, घरी ही एकटी. झोपडीमागं दरवर्षी दोन वेल लावते आणि स्वतःपुरतं खाते. निवडून एकतीस बिया दिल्या. पैसे विचारले तर रागावल्या.

त्यातल्या बारा उगवल्या. म्हणजे बी जुनं होतं, आणि अजून दोन वर्षं गेली असती तर बहुतेक काहीच उगवलं नसतं. सहा वेल परसात ठेवले, सहा दोन गुंठे बाजरी टाकून तिच्यात. लाल भुंगेऱ्यानं चार पानांवर असताना दोन वेल खाल्ले. बाकीच्यांवर सकाळी दव असताना चुलीची राख टाकली, ते वाचले. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा एक सापळा लावला. परसातल्या वेलांना पाणी जास्त झालं, नुसता पाला माजला, फळं कमी आणि पाणचट. बाजरीतल्या चार वेलांनी खरी फळं दिली. हिला लाड सोसत नाहीत.

आता बी धरायची पद्धत. मधमाशी आसपासच्या चिबडावरून, खरबुजावरून पराग आणते. त्यानं यंदाच्या फळाची चव बदलत नाही, पण आतलं बी बाटतं, आणि पुढच्या वर्षी ना शेंदाड ना चिबूड असं काहीतरी निघतं. कारिटाशी बाटलं तर कडू. आजवर शेंदाड शुद्ध राहिलं त्यात हंगामाचाही हात होता असं मला वाटतं. खरबूज उन्हाळ्याचं, हे पावसाळ्याचं. आता मल्चिंगवर खरबूज कधीही लागतं. म्हणून बियाण्यासाठी दोन-चार फळं हातानं धरा. उद्या उमलणारी मादी कळी (जिच्या मागं इवलंसं फळ असतं ती) आणि नर कळी संध्याकाळी ओळखून दोऱ्यानं हलकी बांधून टाका. सकाळी आठच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलात फिरवा. परत बांधा आणि देठाला रंगीत दोरा लावा. दहातली तीन-चार टिकतात, नाराज होऊ नका. ते फळ स्वतः सुटेपर्यंत थांबा, वर आणखी तीन-चार दिवस घरात ठेवा. मग गर पाण्यात एक-दोन दिवस आंबवायचा, वर तरंगतं ते बी टाकायचं, तळाचं धुऊन सावलीत वाळवायचं आणि राखेत ठेवायचं. एकाच वेलाचं बी धरू नका. चार-पाच वेलांचं मिसळा, नाहीतर जातीचा एकच तुकडा हाताशी राहतो.

मेक्सिकन काकडीचं बीही धरलंय, हौस म्हणून. पण कोणाचे पाहुणे अमेरिकेतून खिशात बिया आणणार असतील तर आणू नका. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणं परवान्याशिवाय बियाणं देशात आणता येत नाही, आणि ते बरोबर आहे. बियाबरोबर रोगही येतो.

दोरा लावलेल्या पाच फळांचं मिळून या वर्षी साडेतीनशेच्या आसपास बी आलं. त्याचे तीन वाटे केलेत. एक घरी राखेत. एक अकोल्याला राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं केंद्र आहे तिथं द्यायचा, चौकशी चालू आहे. तिसरा वाटा दहा-दहा बियांच्या पुड्या करून ठेवलाय, ज्याला पेरायचंय त्याच्यासाठी. चौसाळ्यात आलात तर घेऊन जा. अट एकच, बाजरीत किंवा बांधावर लावायचं, आणि पुढच्या दसऱ्याला मूठभर बी परत आणून द्यायचं.

आजीला पहिलं पिकलेलं शेंदाड नेऊन दिलं होतं. हातात घेऊन नाकाला लावलं आणि म्हणाल्या, "एक दिवस आधी तोडलंस."